नंदू आणि सुलक्षणाच्या मधली जागा

१

तुमच्यापैकी एकानेही विचारलं नाही. मुलुंडच्या त्या हॉलमध्ये निरोप समारंभाला दोनशे माणसं होती. तुम्ही आम्हाला हार घातलेत, पेढे खाल्लेत, परदेशी निघालेली आपली पोरं म्हणून आमच्या पाठी थोपटल्यात. त्याच स्टेजवर गणपतीत आम्ही हेच गाणं गायलो होतो, तेव्हा त्यात अकरा नावं होती. निरोपाच्या दिवशी दहा होती. दोनशे माणसांत एकालाही अकरापर्यंत मोजता येत नव्हतं का?

विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं, असं मी म्हणत नाही. बहुतेक काहीतरी थाप मारली असती. पण थाप मारायला तरी मला तोंड उघडावं लागलं असतं. तुम्ही तेवढीही वेळ माझ्यावर आणली नाहीत.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची. मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या समूहगान मंडळाची सेक्रेटरी होते. इटलीतल्या एका डोंगराळ गावाने पत्र पाठवलं होतं. महायुद्ध संपून चाळीस वर्षं झाली, आमच्या गावासाठी जे परदेशी सैनिक मेले त्यांच्या देशांतल्या विद्यार्थ्यांनी नोव्हेंबरात यावं आणि त्यांच्यासाठी गावं, असं त्या पत्रात होतं. ते पत्र मी किती वेळा वाचलं असेन. आपल्या कोकणातली, घाटावरची कितीतरी माणसं तिथे पडली होती, आणि आपल्याकडे लोक त्यांना साहेबाचे भाडोत्री म्हणून मोकळे होत होते. मला त्याची चीड होती. तेव्हा मला बऱ्याच गोष्टींची चीड होती, आणि चीड येणारं माणूस चांगलंच असतं अशी माझी समजूत होती.

भक्तिगीत नको, देशभक्तिपर नको, खरंच आपलं काहीतरी हवं, असा हट्ट मी धरला. मग सुगंधाने गाऱ्हाणं म्हणून दाखवलं.

२

सुगंधा धुरी कांजूरमार्गची. मिठागरांच्या बाजूच्या चाळीत राहायची. वडील गिरणीत होते, संपानंतर एका गोदामावर वॉचमन झाले. चाळीतल्या पूजेला दरवर्षी तेच गाऱ्हाणं घालायचे. एकाने देवाला हाक मारून गावाचं मागणं मांडायचं आणि जमलेल्या सगळ्यांनी प्रत्येक वाक्याला ‘होय म्हाराजा’ म्हणून साथ द्यायची. बापाचं ऐकून ऐकून सुगंधाला ते पाठ होतं. ती ते कॅन्टीनमध्ये हळू आवाजात म्हणाली, आणि शेजारच्या टेबलावरची मुलं हातातले चमचे तसेच धरून तिच्याकडे बघत राहिली.

आम्ही ठरवलं ते असं. मुंबईच्या उपनगरांतल्या घरांतून त्या लढाईत गेलेल्यांची नावं गोळा करायची. गाऱ्हाणं घालणाऱ्याने एकेकाचं नाव आणि गाव पुकारायचं. मागे रांगेत उभ्या असलेल्यांपैकी एकाने एक पाऊल पुढे टाकून त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणायचं, मग सगळ्यांनी ‘होय म्हाराजा’. सुगंधा पुकारणार, आम्ही अकरा जण रांगेत, आणि नावं अकरा.

अकरातलं एक नाव सुगंधाच्या आजोबांचं होतं. ते टिपून घ्यायला मी तिच्या घरी गेले. आजी, जानकी त्यांचं नाव, धूर ओकणारा स्टोव्ह पिनने साफ करत बसल्या होत्या.

“आजी, आजोबांचं नाव काय?” मी वही उघडून विचारलं.

त्यांनी सुगंधाकडे बघितलं.

“ती नाही घेणार गं,” सुगंधा म्हणाली. “नवऱ्याचं नाव ना.”

“अहो आजी, बेचाळीस वर्षं झाली. आता कसली लाज? घ्या की. माणसाचं नाव आहे, शिवी थोडीच आहे.”

त्या स्टोव्हकडे वळल्या. सुगंधानेच सांगितलं, सहदेव भिकाजी धुरी. ते ऐकताना आजींनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मी वहीत नावाखाली लिहिलं, ‘स्त्रीची गुलामी किती खोल जाते याचं उदाहरण’. ती वही अजून माझ्याकडे आहे. ते पान फाडायला हात धजत नाही.

निघताना आजी म्हणाल्या, “आमका इंग्रजीत तार इली. मास्तरान वाचून दाखवल्यान. थंय तेका कोणी हाक मारलली नाय गो. माझ्यान मारवना नाय, आनि झील तेव्हा पाळण्यात.”

“तिचं एवढंच म्हणणं आहे,” सुगंधा मला जिन्यात म्हणाली. “बाबा तर तेव्हा तान्हे. तिकडे जाऊन एकदा त्यांना नावाने हाक मारायची. बाकी काही नको.”

तालमीत सहदेव धुरींच्या वतीने कोण उत्तर देणार, असा प्रश्न आला. पुकारणारीनेच उत्तर कसं द्यायचं? मी म्हटलं, मी देते. माझी जागा रांगेच्या मधोमध होती, एका बाजूला नंदू, दुसऱ्या बाजूला सुलक्षणा. जूनपासून गणपतीपर्यंत मी रोज एक पाऊल पुढे टाकून त्यांच्या वतीने ‘हजर’ म्हणत होते.

३

सप्टेंबरात दुसरं पत्र आलं. राहायची सोय बारा जणांची, शिक्षकांसकट. आम्ही सर धरून तेरा होतो.

मधुकर सरांनी मला एकटीला स्टाफरूममध्ये बोलावलं. ते वाईट माणूस नव्हते, पण कटू निर्णय दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला त्यांना आवडायचं.

“एकाला गाळायला लागणार. तू सेक्रेटरी. तुला काय वाटतं?”

चिठ्ठ्या टाकू, असं मी म्हणू शकत होते. समानतेवर मी दोन वर्षं वक्तृत्व स्पर्धा जिंकत होते. मी म्हटलं, “सुगंधा, सर.”

सरांनी चष्मा काढला. “सुगंधा?”

“तिकडे इंग्रजीत बोलावं लागेल. ती बुजते. चार माणसांत गप्प उभी राहते. आपलं मंडळ कसं दिसेल?”

“मग गाऱ्हाणं कोण घालणार?”

“मी घालीन.”

हे मी इतक्या पटकन म्हटलं, की सरांना कळलं. मलाही कळलं. सुगंधा पुढे उभी राहून पुकारायची तेव्हा मागून तिच्या वेणीकडे बघत मी काय विचार करायचे ते मला त्या क्षणी स्वच्छ दिसलं.

“आणि रांगेत तुझ्या जागी?”

“दहाच ठेवू सर, दहा नावं. रांग पण नीट दिसते.”

सरांनी वहीतल्या अकरा नावांतलं सहावं, सहदेव धुरींचं नाव पेन्सिलने खोडलं. पेन्सिलने, म्हणजे मनात आणलं तर पुन्हा लिहिता येईल असं. कोणी मनात आणलं नाही.

सुगंधाला मी गेटपाशी सांगितलं. ती “बरं” म्हणाली. मग चार दिवस कॉलेज सुटल्यावर रिकाम्या वर्गात बसून तिनेच मला गाऱ्हाणं शिकवलं.

“‘म्हाराजा’ असं ओढू नको गं. साहेबाला अर्ज दिल्यासारखं वाटतं. आणि नाव पुकारताना वर बघू नको. घरातलं माणूस मागच्या पडवीत आहे, जेवायला बोलावतेस, अशी हाक मार.”

चौथ्या दिवशी तिने विचारलं, “आजोबांचं नाव घेशील ना?”

“घेईन,” मी म्हटलं. तेव्हा ते खोडून आठवडा झाला होता.

४

पुढच्या तालमीत मी पहिल्यांदा रांगेसमोर उभी राहिले. समोर रांगेत दहा जण. माझी जागा रिकामी झाली होती, म्हणून मी म्हटलं, “सरका रे, जवळ या.” सगळे सरकले. पाचवं नाव पुकारलं, नंदूने उत्तर दिलं. सहावं पुकारायला सुलक्षणाकडे बघितलं, तर दोघांच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती.

“सुलक्षणा, सरक ना.”

“सरकलेय की. अजून काय नंदूच्या खांद्यावर बसू?”

सगळे हसले. मीही हसले. सवय आहे, मी स्वतःला सांगितलं. चार महिने मी तिथे उभी होते, त्यांच्या अंगात ती जागा बसलीय.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून खडू आणला आणि हॉलच्या फरशीवर दहा फुल्या काढल्या, पट्टीने मोजून, एकसारख्या अंतरावर. प्रत्येकाला फुलीवर उभं केलं. डोळ्यांनी बघितलं, बरोबर आहे. डोळे मिटून गाऱ्हाण्याची सुरुवात केली, पाच नावं झाली, उघडले. पहिले पाच जण आपापल्या फुलीच्या अर्धा हात डावीकडे होते आणि दुसरे पाच अर्धा हात उजवीकडे. मधे जागा. कुणाचे पाय हललेले मी ऐकले नव्हते.

“नंदू, तू फुलीवर का नाहीस?”

त्याने खाली बघितलं. त्याला खरंच नवल वाटलं. “आयला. अगं पण मला इथे दाटी होतेय यार. तूच बघ, हात हलवायला जागा नाही.” आणि त्याने सुलक्षणाच्या बाजूचा खांदा आत ओढून घेतला, भरलेल्या बसमध्ये ओढतात तसा. त्या खांद्यापासून सुलक्षणापर्यंत दोन हात मोकळी फरशी होती.

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, “तुमच्या मनाला खातंय, जयंती. मलाही खातं. चार दिवसांनी जाईल.” ते मला एरवी ‘तू’ म्हणायचे.

मला ते पटलं. मनाला खातंय हे मान्य करणं सोपं होतं, कारण मनाला खाल्लं तरी त्यासाठी काही करावं लागत नाही. पण निरोप समारंभात मी स्टेजवरून दोनशे चेहऱ्यांना पाठ करून रांगेकडे बघितलं. तीच जागा तशीच होती. समोरून तुम्हा सगळ्यांनाही ती दिसत असणार.

५

दिवाळीच्या सुटीत आम्ही निघालो. पहिल्या सकाळी त्या डोंगरातल्या गावात बसमधून उतरलो तेव्हा सगळ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. आमच्यापैकी कुणीच ते पूर्वी पाहिलं नव्हतं. नंदूने दोन बोटं ओठांशी धरून विडी ओढल्याचं सोंग केलं, सुलक्षणा म्हणाली, “काय रे, बापाला कळलं तर?” आम्ही पोट धरून हसलो. अर्धा तास मी सगळं विसरले होते.

तालमीसाठी त्यांनी आम्हाला जुन्या शाळेचा हॉल दिला. उंच खिडक्या, भिंतीवर मुलांची चित्रं, आणि जमीन लाकडी फळ्यांची. मुलुंडच्या फरशीवर पावलाचा आवाज होत नसे. इथे पाऊल पडलं की फळी करकरायची.

मी पुकारायला लागले. पहिलं नाव. “हजर.” पाऊल, फळीची करकर. “होय म्हाराजा.” दुसरं. तिसरं. चौथं. पाचव्याला नंदू पुढे आला, फळी वाजली, ‘होय म्हाराजा’ झालं. मी सहाव्या नावासाठी श्वास घेतला आणि फळी पुन्हा वाजली.

कुणी हललं नव्हतं.

जुनी जमीन आहे, मी म्हटलं. नंदूच्या वजनाने दबलेली फळी आता वर आली असेल. पुन्हा सुरुवात केली. पाच नावं, पाच करकरी, मग सहावी. नाव नसलेली. मी सगळ्यांना बूट काढायला लावले. मोज्यांतले पाय लाकडावर जवळजवळ मुके असतात. आता नंदूचं पाऊल ऐकूच आलं नाही. पण त्याच्यानंतरचं आलं. ते बूट काढलेल्या पायाचं नव्हतं.

“थांबवायचं का थोडं?” सुलक्षणा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. तिने काय ऐकलं ते तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आम्हा सगळ्यांत तो एक करारच झाला होता, न बोलता केलेला. सुगंधाबद्दल कुणी बोलत नव्हतं, म्हणून आता बाकी कशाबद्दलही बोलता येत नव्हतं.

मला राग आला. स्वतःच्या बुद्धीवर माझा विश्वास होता आणि एका लाकडी फळीने तिला आव्हान दिलं होतं. मी म्हटलं, “नंदू, सुलक्षणा, एकमेकांचे हात धरा. घट्ट. म्हणजे जागा राहायचा प्रश्नच नाही.”

त्यांनी हात धरले. मी समोर उभी राहून बघत होते. दोन माणसांनी अंतरावरून हात धरले तर हात मधे लोंबतात, नाहीतर ताठ होतात. यांचे तसे झाले नाहीत. ते थोडे मागे वळले होते. मधे कुणीतरी उभं असावं आणि त्याच्या कमरेमागून त्यांनी हात धरावेत, तसे.

“सोडा,” मी म्हटलं. “सोडा हात. झाली तालीम.”

नंदूने आपला हात शर्टाला पुसला. तो काही विनोद करेल म्हणून मी वाट बघितली. त्याने केला नाही.

६

स्मशानभूमी उतारावर होती. पांढऱ्या दगडांच्या रांगा, मधे कापलेलं गवत, खाली नदी. आपल्या हिंदू सैनिकांना तिथे अग्नी दिला होता, त्यामुळे त्यांच्या कबरी नव्हत्या, एक भिंत होती आणि तिच्यावर कोरलेली नावं. कार्यक्रम सकाळी दहाला होता. मी नऊला जाऊन भिंतीपाशी उभी राहिले. मला वाटत होतं, ते नाव तिथे नसावं. नसलं तर आम्ही काहीच चुकलो नाही, सरकारी यादीतच नव्हतं, असं म्हणता आलं असतं.

ते होतं. धुरी एस. डाव्या हाताला, माझ्या डोळ्यांच्या पातळीवर. अक्षरांत दव साठलं होतं.

मी तिथेच ठरवलं. नंदूनंतर मी सहदेव भिकाजी धुरी हे नाव घेणार. रांगेत उत्तर द्यायला कुणी नाही, तर मीच एक पाऊल पुढे टाकून ‘हजर’ म्हणेन. सर रागावतील, रागावू देत. इतकं हलकं मला दोन महिन्यांत वाटलं नव्हतं. मी स्वतःला जवळजवळ माफ करून टाकलं.

दहा वाजता गावातली माणसं जमली. म्हातारे, पदकं लावलेले काही जण, शाळेतली मुलं. रांग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि मी भिंतीला पाठ लावून रांगेसमोर. ऊन तिरपं होतं, थंडी मुंबईकराला रडवेल अशी. सरांनी टाळ वाजवले. मी सुगंधाने शिकवल्यासारखी सुरुवात केली.

“बा म्हाराजा, ह्या परमुलखात तुझी लेकरां रवली. आज आम्ही तेंका हाक मारूक इलंव.”

“होय म्हाराजा.” दहा तोंडांतून वाफ निघाली आणि उन्हात पांढरी झाली.

पहिलं नाव पुकारलं. उत्तर, वाफ, पाऊल. दुसरं. माझा आवाज चांगला लागला होता. मला आठवतं, तसल्या क्षणीही माझ्या मनात आलं की आवाज चांगला लागलाय. तिसरं. चौथं. पाचव्याला नंदू म्हणाला, “हजर.” मग सगळ्यांचं ‘होय म्हाराजा’, आणि सगळी वाफ विरली. आता सगळे श्वास रोखून पुढच्या नावाची वाट बघत होते. रांगेवर स्वच्छ हवा होती.

मी तोंड उघडलं. ‘सह’ एवढं ओठांवर आलं होतं.

नंदू आणि सुलक्षणाच्या मधे, नंदूच्या खांद्यापेक्षा थोडं खाली, बेताच्या उंचीच्या माणसाचं तोंड असेल तिथे, वाफेचा एक लहान ढग होता. तो बाहेर येत नव्हता. तो आत गेला. उत्तर द्यायच्या आधी माणूस श्वास आत ओढतो, तसा तो हळूच, पूर्ण, आत ओढला गेला.

त्याच्यापलीकडे मी काही पाहिलं नाही. चेहरा नाही, कपडे नाहीत. पण कुणीतरी आपल्या नावाची वाट बघत होतं, आणि फक्त माझ्या तोंडून तेवढं निघायचं बाकी होतं. बेचाळीस वर्षं त्याला कुणी हाक मारली नव्हती. त्याच्या जागी उभी राहून चार महिने मीच रोज हजर म्हटलं होतं. आता तो स्वतः म्हणणार होता.

मी पुढचं नाव घेतलं. सुलक्षणा ज्याच्या वतीने उत्तर द्यायची, त्याचं.

ते मी भीतीने केलं. मी कितीही पुस्तकं वाचलेली असोत, माणसाच्या नावाला शिवी थोडीच म्हणतात असं एका म्हातारीला सुनावलेलं असो, ते नाव माझ्याच्याने घेववलं नाही. सुलक्षणाने उत्तर दिलं, पाऊल टाकलं. उरलेली चार नावं मी कशी पुकारली ते आठवत नाही. शेवटच्या ‘होय म्हाराजा’ला मी रांगेकडे बघितलं.

रांग जुळली होती. नंदूचा खांदा सुलक्षणाच्या खांद्याला टेकला होता. मधे बोट घालायला जागा नव्हती.

एक म्हातारा रडत पुढे आला, त्याने सरांचे हात हातात घेतले. गावाच्या फोटोग्राफरने आमचा फोटो काढला. सगळे म्हणाले, झकास झालं. त्या फोटोत रांग अगदी सरळ आहे, आणि मी एका कडेला, सगळ्यांपासून दोन हात लांब उभी आहे. कुणी तसं उभं राहायला सांगितलं नव्हतं. मला तिथे दाटी होत होती.

७

परत आल्यावर वर्तमानपत्रात आमची बातमी आली. कॉलेजात सत्कार झाला. कांजूरमार्गला जायला मी तीन आठवडे लावले. एकदा आजारी पडले, एकदा ट्यूटोरियल होतं. मग एका रविवारी दुपारी गेले. एकटी गेले असं मी म्हणेन.

सुगंधा एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला लागली होती. कॉलेज सोडलं होतं. मला बघून तिला आनंद झाला, हे मला सगळ्यांत जास्त लागलं. तिने मला खाटेवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसली. आजी भिंतीला टेकून तांदूळ निवडत होत्या.

“थंडी होती का गं खूप?” सुगंधाने विचारलं.

“होती. तोंडातून वाफ यायची.”

“आणि जागा कशी आहे?”

“सुंदर. उतारावर आहे. खाली नदी. त्यांचं नाव आहे भिंतीवर, मी बघितलं. धुरी एस. असं.”

एवढं खरं होतं. तिने आजीकडे बघितलं. “ऐकलंस? नाव आसा थंय.” मग पुन्हा माझ्याकडे. तिला विचारायचं होतं आणि विचारायची लाज वाटत होती, जणू तीच काहीतरी मागत होती. “मग... घेतलंस ना?”

मी काय सांगायचं ठरवून गेले होते ते खरंच सांगते. सगळं सांगायचं ठरवलं होतं. स्टाफरूमपासून सगळं. येताना मनात वाक्यं जुळवली होती आणि ती वाक्यं चांगली होती, पश्चात्तापाची. पण सुगंधाच्या हातांना औषधाचा पांढरा भुगा लागलेला होता आणि ती अशी वर बघत होती.

“घेतलं,” मी म्हटलं. “मोठ्याने घेतलं. पूर्ण नाव, गावासकट. तू शिकवलंस तसं, वर न बघता. सगळी माणसं ऐकत होती. एक म्हातारा रडला सुद्धा.”

सुगंधाने डोळे पुसले. “मला माहीत होतं,” ती म्हणाली. “मी आजीला म्हटलं होतं, जयंती घेईल.” आणि चहा टाकायला उठली.

आजींचे हात सुपात थांबले होते. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला. मला वाटलं, आता त्या मला हात जोडतील की काय, आणि तसं झालं तर मी काय करू. पण त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या शेजारी, खाटेच्या रिकाम्या बाजूला बघत होत्या, लग्न होऊन आलेली पोर दारातून बघते तशा, खालमानेने.

मग सुगंधाला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात त्या म्हणाल्या, “खोटा बोलूचा आसात तर बोल गो चेडवा. पण तेच्या देखत नको.”